धुराडे कोणी झाडायचे?

वऱ्हाडातल्या आपल्या जुन्या वस्त्यांत मातीच्या भिंतींची, कवेलूंची किंवा टिनाची घरे अजून पुष्कळ उभी आहेत. या घरांच्या स्वयंपाकाच्या खोलीवर छपरातून एक पत्र्याचे नळकांडे वर आलेले दिसते. कुठे त्याची टोपी वाऱ्याने उडाली आहे, कुठे ते एका अंगाला कलले आहे, कुठे गंजून त्याची चाळणी झाली आहे. घरच्या माणसांना विचारले तर हे धुराडे बसवले कधी, ते सांगता येते. झाडले कधी, हे मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही.

ही नळकांडी आली कुठून, हे तरुण वाचकांना ठाऊक नसेल. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. निर्धूर चूल म्हणून गावोगाव चुली बसल्या आणि त्यांच्यावर सिमेंटचे पाइप चढले. २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. चूल मिळाली, पाइप मिळाला, पण पाइप झाडायचा असतो हे सांगायला पुन्हा कोणी फिरकले नाही. काही वर्षांत सिमेंटचे पाइप तडकले. मग लोकांनी टिनवाल्याकडून जस्ती पत्र्याची नळी करून त्या तडकलेल्या पाइपाच्या आतच सोडली. काहींनी मातीच्या भिंतीत खोबण ठेवून तिला आतून पत्रा लावून घेतला. जुन्या घरांत आज दिसतात ती धुराडी बहुधा अशा जोडकामाची आहेत.

कोणी म्हणेल, आता गॅस आला, धुराड्याचे पुराण कशाला? २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली आणि आपल्या अनेक घरांत सिलिंडर आले, हे खरे आहे. पण रोजंदारी करणाऱ्या घराला सिलिंडरचे पैसे एकदम काढणे दर वेळी जमत नाही. गॅसवर चहा आणि भाजी होते. भाकरी, आंघोळीचे पाणी आणि पाहुण्यारावळ्यांचा स्वयंपाक चुलीवर होतो. चुलीत जाते ती पऱ्हाटी आणि तुराटी. पावसाळ्यात ती ओली असते आणि ओल्या जळणाचा धूर सर्वांत वाईट.

धूर वर जाताना पत्रा थंड असला की त्यातले डांबर आतल्या अंगाला चिकटते. आधी भुकटीसारखी काजळी धरते, मग काळा चिकट थर, मग कातळासारखे कठीण कवच. चार बोटे रुंदीची वाट एक बोट उरते. धूर मागे फिरतो आणि चुलीच्या तोंडातून घरात येतो. बाई डोळे पुसत फुंकणी फुंकत राहते. तिला वाटते, लाकूडच ओले आहे.

आमची एक मावशी सतत खोकत असे. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारले, ‘‘आजी, विडी किती ओढता?’’ मावशी म्हणाली, ‘‘नाही वो डाक्टर, म्या काय विडी ओढली? चूलच ओढली जन्मभर.’’ डॉक्टर हसले नाहीत. विडी ओढणाऱ्या माणसाला जडतो तोच फुप्फुसाचा आजार चुलीपुढे बसणाऱ्या बाईलाही जडतो, असे त्यांनी समजावून सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यात पाच वर्षांच्या आतली लेकरेही मोठ्या संख्येने होती.

धूर निदान दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस बाहेर पळतो. बुजलेल्या धुराड्याचा दुसरा धोका दिसत नाही. निखारे हवेवाचून धुमसत राहिले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या वस्तीत एका घरी बाळंतीण होती. बाळाला ऊब मिळावी म्हणून रात्री चुलीत निखारे ठेवले, दार-खिडक्या लावून घेतल्या. पहाटे सासूला ओकाऱ्या सुरू झाल्या, बाळंतिणीला उठून बसवेना, बाळ रडेनासे झाले. शेजाऱ्यांनी दार उघडून तिघांना ओट्यावर आणले, म्हणून निभावले. मोकळ्या हवेत बाळाने तासाभराने आवाज केला. मग त्यांना दवाखान्यात हलवले.

पुढचे सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. दवाखान्याची गाडी येण्याआधीच एकाने बाहेरची बाधा असल्याचे निदान करून टाकले होते आणि शेजारच्या गावातल्या मांत्रिकाचे नावही घेतले होते. बौद्ध वस्तीत, बुद्धविहारापासून पन्नास पावलांवर! त्या दिवशी दुपारी आम्ही दोघे-तिघे छपरावर चढलो आणि धुराड्यात वेळू घातला. काजळीत मळलेले साळुंकीचे घरटे निघाले. घरच्यांनी उन्हाळाभर गॅस वापरला होता आणि साळुंकीने रिकामे नळकांडे पाहून संसार मांडला होता. ते घरटे आम्ही ओट्यावर सर्वांसमोर ठेवले. बाधा कसली ते सगळ्यांना दिसले.

त्यानंतर विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर घरोघरचे धुराडे पाहायचे ठरले. आमच्या महिला मंडळाच्या ताई लगेच तयार झाल्या. अडले ते पुरुषांत. एक पदवीधर तरुण म्हणाला, ‘‘भाऊ, बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली. तुम्ही पुन्हा हाती झाडू देता?’’

प्रश्न हलका नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे आणि गावाची तसली कामे सोडा म्हणून सांगितले. आपल्या आजा-पणजांनी उपास सोसून ते पाळले. पण त्यांनी सोडले ते जन्मावरून गळ्यात बांधलेले, गावाने हक्काने करून घेतलेले आणि वर पुन्हा अपमानाचे काम. स्वतःच्या घराचे धुराडे त्यात कसे बसेल? आणि आपण झाडले नाही, तर ती काजळी जाते कुठे? ती घरातल्या बाईच्या छातीत जाते. आपण स्वाभिमानाने हात राखायचे आणि तिने निमूट धूर गिळायचा, ही तर घरातल्या घरात उभी केलेली नवी उतरंड झाली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितले होते. ते मोजमाप स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत नाही.

दुसऱ्या एकाने व्यवहारी तोड काढली. ‘‘पालावरचं एक पोरगं हाय, किडकिडीत. पन्नास रुपये देले की कुठंही चढते.’’ हे मात्र मी तिथेच थांबवले. पत्रा फाटून पोरगा खाली आला तर, ही एक भीती होतीच. पण मोठे कारण वेगळे होते, आणि त्यासाठी थोडे इंग्लंडात जावे लागते.

तिथल्या विटांच्या अरुंद धुराड्यांत काजळी झाडायला गरिबांची लहान लेकरे चढवत असत. गुडघे-कोपरे सोलत, काळोखात, कधी आत अडकून गुदमरत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने दाखवून दिले की हे काम केलेल्यांना होणारा अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग काजळीमुळे होतो. १७८८ साली आठ वर्षांखालच्या मुलाला या कामावर घेऊ नये असा कायदा झाला. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांच्या आतल्या कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी आली. काठ्या एकमेकींना जोडून खालूनच झाडण्याचे यंत्र तर १८०३ सालीच निघाले होते. तरी पोरे चढतच राहिली, कारण यंत्रापेक्षा पोरगा स्वस्त होता. १८७५ साली केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा अडकून मेला. त्याच्या मालकाला शिक्षा झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांतून नवा कायदा झाला, धुराडी झाडणाऱ्याला पोलिसांचा परवाना लागू लागला आणि मग ही प्रथा मोडली. पहिल्या कायद्यापासून सत्त्याऐंशी वर्षे गेली होती.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहिले. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. ते शिकत होते त्या लंडनमध्ये घरोघर कोळसा जळत होता आणि छपराछपरावर धुराडी होती, पण ती झाडायला पोरे चढत नव्हती. आपल्याकडे हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा आहे, आणि गटारात मेलेल्याच्या वारसाला तीस लाख रुपये द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. उतरणारा कोणत्या समाजाचा असतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. ज्याला हे कळते त्याने पन्नास रुपयांत दुसऱ्याचे लेकरू छपरावर चढवू नये.

तर कर्त्या पुरुषांनीच चढायचे ठरले. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

चूल रात्रभर गार होऊ द्यावी. चुलीच्या तोंडाला ओले पोते लावावे, नाहीतर काजळी घरभर होते आणि पुन्हा बाईलाच सारवावे लागते. नाकातोंडाला दुपट्टा, डोळ्यांना साधा चष्मा. टिनावर चढताना पाय खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खालच्या लाकडावर ठेवावा. कवेलूंवर तर फळी टाकल्याशिवाय जाऊच नये. वेळूच्या टोकाला नारळाच्या काथ्याचा जुडगा घट्ट बांधून वरून खाली घासावे. तारेचा ब्रश घेऊ नका. तो पत्र्यावरचे जस्त खरवडतो आणि पुढच्या पावसात तिथे गंज धरतो. विलायतेत आता जुन्या विटांच्या धुराड्यांत स्टीलची नळी सोडतात, ती झाडायलाही तारेऐवजी नायलॉनचा ब्रश वापरतात.

काही जण रॉकेल ओतून किंवा टायरचा तुकडा पेटवून पाइप आतून ‘जाळून’ साफ करतात. हा प्रकार फार भयंकर आहे. आतला डांबराचा थर एकदा पेटला की नळकांडे लाल होते, आणि ज्या वाशाला ते टेकलेले असते तो वासा पेटतो. पाइप आणि लाकूड यांच्यात चांगली वीतभर जागा असावी आणि त्या जागेवर पत्र्याची ताटली बसवावी.

पत्रा आधी सडतो तो वाकणाच्या खालच्या अंगाला, कारण धुरातले काळे पाणी तिथे साचते. बोटाने दाबून पाहावे. बोट आत गेले तर तेवढा तुकडा बदलावा. भोकाला एम-सील किंवा सिमेंट थापतात, ते तापून चार दिवसांत निघते. त्यापेक्षा टिनवाल्याकडून बाहेरून बसेल अशी पत्र्याची कडी करून घ्यावी, आत पांढरी माती आणि राख कालवून लिंपावी आणि वर रिपिटा माराव्यात. चुलीलगतचा पहिला हात-दीड हात भाग जस्ती न घेता काळ्या लोखंडी पत्र्याचा घ्यावा. जस्त फार तापले की त्याची विषारी वाफ निघते. टोपी पाइपाच्या तोंडापासून चांगली उंच बसवावी. आमच्याकडे एकाने पाखरे येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावली, ती महिन्यात काजळीने बुजली. जाळी लावायचीच तर मोठ्या डोळ्यांची लावावी.

आतले जुने सिमेंटचे पाइप बहुतेक ठिकाणी ॲस्बेस्टॉसचे आहेत. ते करवतीने कापू नका, फोडू नका, घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर पडत नाही आणि पुढे कर्करोग होतो. आत पत्र्याची नळी नीट बसत असेल तर बाहेरचा पाइप आहे तसा राहू द्यावा. काढणे भागच असेल तर पाणी मारून, अख्खा उतरवावा, आणि तेव्हा लेकरे जवळ नसावीत.

रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा झाडणे पुरते, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. कारकुनी करणाऱ्या माणसाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. महिन्याला एक तास धरला तर पुरुषाचे वर्षाला बारा तास होतात, पावसाळ्याचे आणखी चार धरा. बाई रोज तीन तास चुलीपुढे असेल तर वर्षाचे एक हजार पंच्याण्णव. त्या तरुणाला मी हा हिशेब वहीच्या पानावर लिहून दिला. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी काथ्याचा जुडगा मात्र त्याच्याच हातात होता.

आता दोन घरी टोपी बसवायची राहिली आहे आणि एका घरी वाकण बदलायचे आहे. पत्रा आणून विहाराच्या पडवीत ठेवला आहे. टिनवाला पौर्णिमेनंतर येतो म्हणाला.