ट्रोलिंग, पण खाडीतलं!

ट्रोलिंग म्हटलं की तुम्हाला मोबाइलवरची भांडणं आठवतील. मलाही तीच आठवली. पण ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘‘अरे, चालत्या होडीमागे गळ ओढत मासा पकडतात, त्यालाही ट्रोलिंगच म्हणतात.’’ अमेरिकेत तळ्यातल्या क्रॅपी नावाच्या चपट्या माशासाठी लोक होडीवर ओळीनं रॉड लावून तासन्‌तास असे फिरतात. आपल्याकडे क्रॅपी नाही. पण बोरिवलीकरांच्या दाराशी मनोरीची खाडी आहे आणि खाडीत जिताडा आहे!

झालं, मी घरी जाहीर करून टाकलं, ‘‘आई, या रविवारी बाजारातून मासे आणू नकोस.’’ आई नुसती हसली.

मित्राच्या ओळखीचे गोराईचे एक काका होते. जन्म जाळ्यावर गेलेला. हल्ली रविवारी आमच्यासारख्या हौशी मंडळींनाही होडीतून नेतात. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तिथी कुठली?’’ मी तारीख सांगितली. ते म्हणाले, ‘‘तारीख बॉसला सांग. मला तिथी सांग.’’

कॅलेंडर उलटवलं. अष्टमी होती. मग काकांनी मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाण्याला जोर फार. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी. शिकाऊ माणसाला तेच बरं.

पहाटे रिक्षानं गोराई जेट्टी गाठली. समोर पॅगोडाचा सोनेरी कळस हळूहळू उजेडात येत होता, मागे बोरिवलीचे टॉवर अजून झोपलेले. आठवडाभर याच वेळेला मी अलार्म बंद करून कूस बदलतो!

भरती भरली तरी काका निवांत. ‘‘पाणी उतरू दे. तिवरांतली कोळंबी, बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर येते. जिताडा तोंडाशी टपून असतो.’’ पाणी उतरायला लागल्यावर आम्ही तिवरांच्या कडेकडेनं निघालो. इंजिन बंद, हातात वल्हं. दोन रॉड, दोन्हींना चोचवाले प्लास्टिकचे खोटे मासे. एक दोरी पंधरा मीटर मागे, दुसरी पंचवीस. वेग किती? तर जेवण झाल्यावर आपण शतपावली करतो, तेवढाच. मी उत्साहात वल्हं मारलं की काका ओरडायचे, ‘‘लोकल पकडायचीय का?’’

सगळ्यात भारी धडा वळणावर मिळाला. होडी वळली की बाहेरच्या बाजूचा गळ जोरात पळतो, आतल्या बाजूचा रेंगाळतो. बाहेरच्याला मासा लागला तर वेग वाढवायचा, आतल्याला लागला तर कमी करायचा. म्हणजे किती वेगानं जायचं, हे मासाच सांगतो. आमच्या मॅनेजरला हे कुणीतरी सांगा!

पहिला झटका आला. मी जिवाच्या आकांतानं रीळ गुंडाळलं आणि वर आली दुधाची पिशवी. मग एक चप्पल. मग आणखी पिशव्या. काकांनी एकही परत पाण्यात टाकली नाही. होडीत गोणी ठेवलेलीच होती. तुळशी तलावाकडून, नॅशनल पार्कातून येणारी दहिसर नदी वस्तीतून वाहत याच खाडीला मिळते. म्हणजे त्या पिशवीतलं दूध कदाचित आमच्याच घरी प्यायलं गेलं असेल. पुढे फारसं बोलावंसं वाटलं नाही.

‘‘मुलगा येतो का हो तुमच्याबरोबर?’’ मी विचारलं. ‘‘तो अंधेरीला ऑफिसात जातो. तुझ्यासारखाच,’’ काका म्हणाले. ‘‘खाडीत मासा राहिला नाही, तर त्याला कुठल्या तोंडानं ये म्हणू?’’

साडेआठच्या सुमारास आतल्या बाजूचा रॉड वाकला. या वेळी पिशवी नव्हती. दोरी डावी-उजवी पळत होती. ‘‘ओढू नकोस, त्याला पळू दे!’’ दोन मिनिटांनी जाळीत आला दीड वीत लांबीचा, रुपेरी जिताडा. माझे हात थरथरत होते. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

काकांनी हात ओला केला, गळ सोडवला आणि म्हणाले, ‘‘याला सोड.’’

‘‘काका, पहिलाच आहे!’’

‘‘पोर आहे अजून. मोठा झाला तर त्याचीही पोरं होतील.’’

नंतर वाचलं, जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर मादी होतो. लहानपणीच सगळे उचलले तर अंडी घालणार कोण? काकांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. माझी होती एका फोटोची हौस, त्यांचं त्यावर घर चालतं. तरी सोड म्हणणारे तेच होते. मी मासा पाण्यात धरला. त्यानं शेपटीचा एक फटकारा मारला आणि गेला. फोटो राहूनच गेला.

रिकाम्या हातानं घरी पोचलो. आईनं बोंबील आणूनच ठेवले होते.

जाताना लक्षात ठेवा
- खाडी माहीत असलेल्या माणसाशिवाय जाऊ नका. पावसाळ्यात तर नाहीच.
- पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला.
- ओहोटीला चिखलात उतरू नका, पाय रुततात.
- तिवरांत गळ अडकला तर फांदी तोडू नका. होडी मागे घेऊन सोडवा.
- टोपी, पाणी आणि एक रिकामी गोणी न्या. मासा मिळेलच असं नाही, गोणी मात्र भरतेच.