दाखवायचे अकरा लाख

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. दर सत्राला काहीशे युरो वर्गणी भरायची, अनेक ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पासही मिळतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला हे कळलं आणि येलदरीच्या घरी मी विषय काढला. वडील, म्हणजे अण्णा, एवढंच म्हणाले, "फी नाही, मग अडचण काय?" त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळायला पुढं बराच काळ गेला.

पाण्याचा विषय मला निवडावा लागला नाही. आमचं गाव पूर्णेवरच्या धरणाचं. १९६८ साली ते पूर्ण झालं. पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजगृह आहे. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात अडतं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारात जातं. आजोबांची जमीन या पाण्याखाली गेली. उरलेल्या कोरडवाहू तुकड्यात आम्ही कापूस आणि सोयाबीन घेतो. धरण तळाला गेलेलं मी पाहिलंय आणि दरवाजे उघडल्यावर नदीकाठच्या गावांची उडालेली धांदलही. दोन्ही एकाच धरणाची, काही वर्षांच्या अंतराची दृश्यं. किती पाणी, कधी, कोणाला विचारून सोडायचं, हे मला शिकायचं होतं.

विद्यापीठांच्या यादीत पहिलं नाव कार्ल्सरूहचं होतं. बंधाऱ्यावरून वाहणारं पाणी मोजायचं रेबॉकचं सूत्र आम्ही हायड्रॉलिक्सला शिकलो होतो. त्या थिओडोर रेबॉक यांची प्रयोगशाळा तिथली. पण कार्ल्सरूह बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून ते राज्य २०१७ पासून सत्राला १५०० युरो घेतं. नाव खोडताना फार वाईट वाटलं. मग ड्रेस्डेन. ह्युबर्ट एंगेल्स यांनी १८९८ साली तिथं नदी-अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. ऑगस्ट २००२ मध्ये त्याच शहरात एल्ब नदी ९ मीटर ४० सेंटीमीटरपर्यंत चढली होती. अर्जासोबतच्या पत्रात मी पूर्णा आणि एल्ब या दोनच नद्यांबद्दल लिहिलं. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाला ते पत्र तसंच्या तसं पाठवता आलं नसतं, आणि पत्र असंच असावं असं मला अजूनही वाटतं.

अभ्यासक्रम इंग्रजीतला निवडला तरी जर्मन शिकायचंच असं ठरवलं होतं. भाड्याची खोली, डॉक्टर, दुकान, धरणावरचा कर्मचारी, यांच्याशी इंग्रजीत किती बोलणार? पुण्याला राहून क्लास करणं परवडणारं नव्हतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत धडे मोबाइलवर केले. त्यांच्याच संथ गतीच्या बातम्या रोज ऐकल्या, आणि ऐकलेलं मोठ्यानं म्हणून पाहिलं. माय विचारायची, "कोणाशी बोलायलीस गं?" ऑनलाइन शिकवणीत इंग्रजी माध्यमाची मुलं विभक्तीपाशी अडायची. मला जिल्हा परिषदेच्या शाळेतलं व्याकरण कामी आलं. जर्मनमध्ये चारच विभक्ती: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. तीन लिंगंही आपल्याकडं आहेतच. मराठी माध्यमामुळं आपण मागं पडलो असं समजणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. परीक्षा मात्र पुण्याच्या माक्सम्युलर भवनातच दिली, जिंतूरहून रात्रीच्या गाडीनं जाऊन.

त्या काळात एका सरांनी सांगितलं की डॉ. आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं आणि त्यासाठी आपल्या हातानं जर्मनमध्ये अर्ज लिहिला होता. लंडनचा अभ्यास चालू असताना! पुढं बॉनचं शिक्षण झालं नाही. पण माझा जर्मन मजकूर चौथ्यांदा खोडावा लागला की मला तो अर्ज आठवायचा.

मग कागदपत्रं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत, याचा तो दाखला. फी अठरा हजार रुपये. गुणांचं गणित तिकडं उलटं: १ सर्वात चांगला, ४ म्हणजे जेमतेम पास. दहापैकी आठ सीजीपीए असेल आणि पास व्हायला चार लागत असतील, तर सूत्राप्रमाणे २.० येतो. हे सगळं वाचून समजतं. नावाचं तसं नाही. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. माझ्या दहावीच्या आणि पदवीच्या कागदांवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही वेगवेगळं होतं. तलाठी, सेतू केंद्र, प्रतिज्ञापत्र, शेवटी राजपत्रातली नोंद. परभणीच्या फेऱ्यांत पेरणीचे दिवस निघून गेले, आणि माझ्या वाटचं काम मायनं केलं.

आणि पैसा. व्हिसासाठी वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे तेव्हाच्या दरानं अकरा लाखांच्या घरात. तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो आपल्यालाच परत मिळतात. माय म्हणाली, "पैसे आपलेच, मग दाखवायचे कशाला?" तिला मी समजावलं, पण प्रश्न तिचाच बरोबर होता. ज्याच्याकडं अकरा लाख एका जागी पडून आहेत, त्याला ही अट जाणवतही नाही. आमच्याकडं वर्षाचा पैसा कापूस विकल्यावर येतो आणि येण्याआधीच कृषी केंद्राच्या उधारीत वाटला गेलेला असतो.

बँकेत सातबारा घेऊन गेलो. शेतजमीन तारण चालत नाही, असं सांगितलं. कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळं शैक्षणिक कर्जाला बँका ती सहसा धरत नाहीत. शेतकऱ्याची जमीन सहज जप्त होऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. पण तिच्यामुळंच शेतकऱ्याच्या मुलीला कर्ज मिळत नाही, याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. पुढं प्राप्तिकराचे परतावे मागितले. अण्णांनी ते कधी भरलेलेच नव्हते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. एका शाखेत तर आधी व्हिसा आणा म्हणाले, आणि व्हिसाला आधी पैसे लागतात. अण्णा बाहेर आले आणि स्टँडपर्यंत काहीच बोलले नाहीत.

वाट काढली ती मामांनी. जिंतूरचं त्यांचं घर नगरपालिकेच्या हद्दीत आहे, अकृषिक जागेवर. कोणी न मागता त्यांनी घराचे कागद पुढं केले. मामी त्यांच्या शेजारी बसली होती. त्यांना दोन मुली आहेत. मामी म्हणाली, "उद्या ह्यांनाही लागंल. वाट तर माहीत होईल." कर्ज मंजूर झालं, रक्कम खात्यात गेली आणि मुंबईला व्हिसाची मुलाखतही झाली. ड्रेस्डेनचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं.

येलदरीच्या मुलींत बुद्धी कमी नाही. कमी आहे ती कोणता कागद कोणत्या महिन्यात लागतो हे सांगणाऱ्या माणसाची. म्हणून निघायच्या आधी मामांच्या दोघींना घेऊन बसले. थोरली बारावीला आहे. तिचं दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवले. आधारवर तिच्या नावात एक अक्षर जास्त निघालं. सोमवारी ती आणि मामी दुरुस्तीला जाणार आहेत, आणि पासपोर्टचा अर्ज त्यानंतरच भरायचा आहे.