ताक, पोट आणि मन

"पोट बिघडलं की मन बिघडतं," असं आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणत आल्या. शास्त्रज्ञही आता त्याच वाटेने निघालेत. २००४ साली जपानमधल्या संशोधकांना दिसलं, की आतड्यात जंतूच नसलेले उंदीर ताणाने जास्त बिथरतात. २०११ मध्ये आयर्लंड-कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू दिले, तेव्हा त्यांची उदासीसारखी लक्षणं कमी झाली. पोट आणि मेंदू जोडणारी व्हेगस नस कापल्यावर मात्र गुण येईना! पण तेच जंतू निरोगी पुरुषांना दिले, तर काही फरक पडला नाही, असं २०१७ साली प्रसिद्ध झालं. उंदीर वेगळा, माणूस वेगळा.

माझी धाकटी जाऊ दोन महिने धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. मी शाळेतून यावं, तर ही आपली खिडकीशी बसलेली. सासूबाई रोज ताक करून पुढ्यात ठेवायच्या. शेवटी मी म्हटलं, "आई, ताक देऊ या, पण डॉक्टरांनाही दाखवू या."

"लोक काय म्हणतील?"

"ताप आला असता तर नेलंच असतं ना?"

त्या गप्प झाल्या. औषध सुरू झालं. हळूहळू ती सावरली. एके दिवशी आपणहून कणीक मळायला बसली.

तेव्हा मैत्रिणींनो, दही-ताक जरूर घ्या. पण उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांकडे जा, आणि चालू गोळ्या ताकाच्या भरवशावर सोडू नका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?