इंजिनाखालचं पाणी

बोटीच्या इंजिनाखाली, तळाच्या सगळ्यात खोल जागी काळं पाणी साचतं, त्याला बिल्ज म्हणतात. ते साफ करताना मी साबण वापरणं सोडलं. का सोडलं, ते इथे मांडतो. पाणी आत येतं ते बहुतेक वेळा पंख्याच्या शाफ्टवरून. शाफ्ट जिथे बोटीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधली दोरी ओली राहावी लागते, म्हणून मिनिटाला चार थेंब गळले तर ग्लँड नीट चालली आहे असंच समजायचं. तेलाची वाट वेगळी. डिझेल फिल्टर बदलताना थोडं सांडतं, जुन्या गॅस्केटमधून पाझरतं, ऑइल बदलताना डब्यात पडण्याऐवजी खाली जातं. खड्ड्यात एकत्र आल्यावरही दोघं आपापल्या जागी राहतात, तेल वर आणि पाणी खाली. ही विभागणी निसर्ग फुकटात करून देतो. बिल्ज साफ करण्याची जी रीत ती मोडते ती वाईट आणि जी टिकवते ती चांगली, एवढंच माझं म्हणणं आहे.

साबण नेमकी तीच मोडतो. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब होऊन ते पाण्यात पसरतात. मग पंप चालू केला की तळ लख्ख होतो आणि बाहेर पाण्यावर तवंगही दिसत नाही. या न दिसणाऱ्या तवंगानेच माणूस फसतो. वर तरंगणाऱ्या डिझेलचा काही भाग निदान उन्हावाऱ्याने उडून जातो. पाण्यात विरलेले थेंब मात्र माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतात, आणि पाणी गाळून जगणाऱ्या कालवांच्या, तिसऱ्यांच्या अंगात जातात. शिवाय साबण स्वतःच कल्ल्यांवरचा बुळबुळीत थर धुऊन काढतो. डब्यावर ‘जैवविघटनशील’ छापलेलं असतं, असं यावर सांगतात. असेलही; पण त्यातून साबणाचं पुढे काय होतं ते कळतं, डिझेलचं नाही. अमेरिकेत पाण्यावरचा तवंग साबणाने नाहीसा करायला कायद्यानेच बंदी आहे, ती उगाच नाही. आणि एकदा का पाणी दुधासारखं झालं की ते निवळतही नाही आणि तेल टिपणाऱ्या पॅडलाही दाद देत नाही. सुटण्यासारखा प्रश्न आपणच न सुटण्यासारखा करून ठेवतो.

समुद्र एवढा मोठा, त्यात वाटीभर तेलाने काय होणार, हा आक्षेप सगळ्यात जुना. पाण्यावरच्या तेलाचा अंदाज घेण्यासाठी युरोपातल्या बॉन करारातली रंगांवरची मोजपट्टी वापरतात. तिच्यानुसार चंदेरी दिसणारा तवंग सुमारे 0.04 ते 0.3 मायक्रॉन जाडीचा असतो. हिशेब केला तर एक लिटर तेल सर्वांत पातळ पसरून अडीच हेक्टर, म्हणजे सहा एकर पाणी झाकू शकतं. त्यातून बिल्ज बहुतेकदा उपसलं जातं बंदरात, जिथे बोटीला बोट लागलेली असते आणि लाटरोधक भिंतीआडचं पाणी लवकर बदलत नाही. ससून डॉक किंवा मिरकरवाड्याचं पाणी पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बाहेर खोल समुद्रात जाऊन उपसावं म्हटलं, तर बांगड्यासारख्या माशांची अंडी पाण्याच्या वरच्या थरातच तरंगतात; तवंगही तिथेच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घाण करतात मोठी जहाजं, आणि शहाणपण शिकवायचं कोळ्यांना? 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं, तेव्हा नुकसान सोसलं ते मच्छीमारांनीच. पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर येणारे डांबरगोळेही लहान बोटींतून पडत नाहीत. हे मला मान्य आहे. पण मोठ्या जहाजांना जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय मार्पोल करारामुळे तेल वेगळं करणारं यंत्र आणि नोंदवही ठेवावी लागते, आणि बाहेर सोडायच्या पाण्यात दहा लाख भागांत 15 भागांहून जास्त तेल चालत नाही. हजार लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे, एवढं ते प्रमाण. यंत्राची सक्ती 400 टनांच्या वरच्या जहाजांना आहे. त्याखाली यंत्र नसलं तरी चालतं, पण मर्यादा तीच धरलेली आहे. हे प्रमाण लहान ट्रॉलरवर हातानेच साधायला हवं.

आणि ते साधता येतं. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवला की निम्मं काम आधीच होतं, कारण तेल पाण्यापर्यंत पोचतच नाही. उरलेलं पाणी रात्रभर हलवायचं नाही. वर आलेलं तेल पॉलीप्रॉपिलीनच्या पांढऱ्या पॅडने टिपायचं. ही पॅडं तेल पितात, पाणी नाही. चिंध्या आणि लाकडाचा भुसा आधी पाणीच पितात, म्हणून ते कुचकामी. सावरीच्या कापसाच्या धाग्यावर मात्र मेणाचा थर असतो, त्यामुळे त्याला पाणी लागत नाही आणि तेल लागतं. उशीत भरण्यापेक्षा हा उपयोग मला जास्त पटतो. मग पंपाने तळाचं पाणी काढायचं आणि शेवटची बोटभर पातळी राहिली की थांबून ती डब्यात भरायची. आपोआप चालणारा पंप इथे घात करतो, कारण त्याच्या तरंगत्या बटणाला फक्त उंची कळते. तो बोट बुडण्यापासून वाचवतो हे खरं, म्हणून काढू नये. पण पॅड त्याच्याजवळच ठेवावं.

डबा भरला, आता द्यायचा कुणाला? इथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल अधिकृत प्रक्रियादाराकडेच जायला हवं, पण वीस लिटरसाठी कोणी बंदरावर येत नाही. त्यामुळे ते घराच्या वाशांना वाळवीसाठी फासलं जातं आणि पावसात धुऊन परसात उतरतं. मच्छीमार सोसायट्या बोटींना डिझेल पुरवतात. रिकामं पिंप घेऊन त्यांनीच तेल गोळा केलं तर प्रक्रियादाराला फेरी परवडेल. निव्वळ ऑइलला गिऱ्हाईक असतं. साबण-पाणी मिसळलेल्या लगद्याला कोणी विचारत नाही. आणि हे सगळं मे महिन्यातच उरकायला हवं. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते, बोटी ओढून शाकारल्या जातात, आणि वर आलेल्या बोटीचं बूच काढलं की तळात जे काही राहिलं असेल ते वाळूत जातं.