आधी दुसरी प्रत

हार्ड डिस्कवर ९० जीबी जागा मोकळी आहे आणि तरीही १३ जीबीची एक फाईल तिच्यावर जात नाही, म्हटल्यावर डिस्क बिघडली असंच कुणालाही वाटेल. पण डिस्क ठणठणीत असते. अडतं ते तिच्या फाईल सिस्टीमपाशी.

फाईल सिस्टीम म्हणजे डिस्कची नोंदवही. कोणती फाईल कुठे आहे, केवढी आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. फॅट३२ ही वही विंडोज ९५ च्या काळातली. तिच्यात फाईलचा आकार लिहायला ३२ बिट्सचाच रकाना आहे, त्यामुळे ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल ती घेत नाही. एनटीएफएस या वहीला ही अडचण नाही. शिवाय ती आपल्या बदलांची नोंद ठेवत जाते, म्हणून मध्येच वीज गेली तरी वही सावरता येते.

आमच्या घरात हा प्रश्न आला अब्बांमुळे. बहिणीच्या निकाहाचं शूटिंग २००९ साली मिनी डीव्ही टेपवर झालं होतं. दोन वर्षांनी अब्बा गेले. ते चालताना-बोलताना दिसतात अशी तेवढी एकच टेप. शूटिंग करणाऱ्यानं दुकान बंद करण्याआधी ती संगणकावर उतरवून दिली. एक तासाची टेप, १३ जीबीची फाईल. घरची डिस्क ३२० जीबीची, फॅट३२. तिच्यावर अब्बांच्या पत्रांचे आणि जमिनीच्या कागदांचे स्कॅन, घरातले सगळे फोटो. यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

भाचा म्हणाला, "मामू, फॉरमॅट मारू. पाच मिनिटांचं काम."

"आणि आतलं?"

"मग कन्व्हर्ट करू. आतलं जागच्या जागी राहतं."

त्याचं म्हणणं खरं होतं. विंडोजमध्ये कन्व्हर्ट नावाची आज्ञा आहे. ती आधी डिस्क तपासते, मग मोकळ्या जागेत एनटीएफएसची नवी वही तयार करते. फायली हलत नाहीत, त्यांच्या नोंदी बदलतात. पण हा रस्ता एकेरी आहे. एनटीएफएसवरून फॅट३२ वर परत आणणारी आज्ञा विंडोजमध्ये नाही, परतायचं तर फॉरमॅटच. आणि काम चालू असताना वीज गेली, केबल हलली किंवा जुन्या डिस्कनं दगा दिला तर काय होईल याची हमी कुणी देत नाही. मायक्रोसॉफ्टसुद्धा आधी बॅकअप घ्यायला सांगते.

म्हणून आधी १ टीबीची नवी डिस्क आणली. सगळं तिच्यावर उतरवलं आणि दहा-बारा फायली उघडून पाहिल्या. मग जुनीवर कन्व्हर्ट चालवलं. ते विनातक्रार झालं. भाचा हसून म्हणाला, "नवी डिस्क आणलीच होती, तर मग कन्व्हर्ट तरी कशाला केलं?"

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की दुसरी प्रत हातात होती म्हणूनच ती आज्ञा द्यायला हात धजला. आणि त्या निमित्तानं घराची आठवण एकाऐवजी दोन ठिकाणी राहिली. रूपांतरापेक्षा हेच काम मोठं होतं.

एक अडचण मात्र नंतर कळली. अम्मीचा टीव्ही जुना. त्याला एनटीएफएस वाचता येत नाही, डिस्क लावली की तो गप्प. तिच्यासाठी ३२ जीबीचा पेन ड्राईव्ह फॅट३२ मध्येच ठेवला. त्यावर त्या व्हिडिओची एमपी४ मध्ये लहान केलेली प्रत आहे, दीड जीबीची. त्यात अब्बा पंगतीतून फिरत प्रत्येकाला "पोटभर जेवा" म्हणतात. अम्मी तेवढंच पुन्हा पुन्हा लावते.

तुमच्याकडेही अशी डिस्क असेल. ती फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस ठीक. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर आपणहून लिहू देत नाही. दोन्हींकडे न्यायची असेल तर एक्सफॅट बरं, पण कन्व्हर्ट तिथे कामाचं नाही. सगळं बाहेर काढून फॉरमॅटच करावं लागतं. कोणतीही निवडा, पण दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय पहिलीला हात लावू नका. यंत्र बाजारात पुन्हा मिळतं, माणसाचा आवाज मिळत नाही.