मोरापेक्षा लहान, लांडोरीपेक्षा मोठा

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी एका टर्कीला घट्ट मिठी मारून उभा होतो. टर्की म्हणजे देश नव्हे, पक्षी. आणि पक्षी जिवंत होता, चिडलेला होता, आणि त्याला माझ्या मिठीत काडीचाही रस नव्हता.

झालं असं की, मामेभावाचा फोन आला. घरात त्याला सगळे छोटू म्हणतात. सहा फूट उंच आहे, पण एकदा पडलेलं नाव पडलं. म्हणाला, "दादा, शनिवारी येच. वजन करायचंय, आणि तुझ्याशी एक बोलायचंय." खान्देशात "एक बोलायचंय" म्हटलं की एक तर लग्न असतं, नाही तर पैसे. लग्न त्याचं झालेलं आहे. तेव्हा शुक्रवारी रात्री पुण्याहून गाडी पकडली, पहाटे धुळ्याला उतरलो, आईच्या हातचा चहा घेतला आणि साक्रीमार्गे मामाच्या गावाकडे निघालो. कोंडाईबारीचा घाट उतरला की हवा बदलते, भाषा बदलते, आणि माझ्यातला हिंजवडीवालाही थोडा विरघळतो.

मामाच्या मळ्यात तीन टर्की आहेत. एक नर, दोन माद्या. सव्वा वर्षापूर्वी छोटूने एका विक्रेत्याकडून सहा पिल्लं आणली, त्यातली तीन जगली. टर्कीची पिल्लं म्हणजे अवघड प्रकरण. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून आलं की तासाभरात टोचायला लागतं, याला पाणी कुठे आणि दाणा कुठे हे चोच बुडवून शिकवावं लागतं. पहिल्यांदा हा प्राणी अंगणात फिरताना पाहून आजी म्हणाली होती, "हाऊ कोंबडा शे का मोर? इतला मोठा कोंबडा मी जल्ममा नही देखा."

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हाच प्रश्न खुद्द जहांगीर बादशहाला पडला होता. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या त्याच्या सरदाराने गोव्याहून पोर्तुगीजांकडून काही अजब प्राणी विकत घेऊन दरबारात नेले. त्यात एक टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याची नीट नोंद केली: अंगाने लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. मग मन्सूर या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चारशे वर्षांपूर्वीची आजीच म्हणायची, फक्त तख्तावर बसलेली.

या पक्ष्याच्या नावाचा गोंधळही ऐकण्यासारखा आहे. मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच तो पाळायला सुरुवात केली होती, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला. इंग्रजांना वाटलं तुर्कांकडून आला, म्हणून टर्की. तुर्क त्याला म्हणतात 'हिंदी'. फ्रेंचांच्या नावात 'इंडिया' आहे, डचांच्या नावात आपलं कालिकत आहे, आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. आमच्या टीममध्ये बग कोणाचा हे ठरवताना असंच होतं.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

छोटूचा प्लॅन होता ५०० टर्कींचा. मामाची जुनी शेड दुरुस्त करायची, पिल्लं आणायची, मोठी करायची, नाताळाच्या आधी मुंबई-पुणे-गोव्याच्या हॉटेलांना विकायची. बँकेचं कर्ज सहा लाख, त्याला जामीन मी, वर रोख दोन लाखही माझे. कागदावर हिशेब तयार होता: ५०० पक्षी, प्रत्येकी २० किलो, एकूण १० हजार किलो. हा २० किलोचा आकडा पिल्लं विकणाऱ्याने दिला होता. फोनवर व्हिडिओही होता. पांढराशुभ्र, ढेरपोट्या पक्षी, शेजारी उभा माणूसही त्याच्यापुढे बारीक दिसत होता.

मी म्हटलं, आधी आपल्याकडचे तीन मोजू.

कापूस मोजायचा लटकता काटा कडुनिंबाच्या फांदीला बांधला. रिकाम्या गोणीच्या कोपऱ्याला भोक पाडलं, त्यातून डोकं बाहेर काढायचं, बाकीचा ऐवज आत. सांगायला सोपं आहे. नराने आधी माझ्या शर्टाचं बटण तोडलं, मग पंखाची एक अशी चपराक दिली की कानात अजून वारा वाहतोय. शेवटी मी कवटाळला, छोटूने पाय धरले, मामीने गोणी चढवली. चोचीवरून लोंबणारी ती लाल सोंड रागाने निळी-पांढरी होत होती.

नर: ९ किलो २००. माद्या: ५ किलो १०० आणि ४ किलो ८००.

छोटूचा चेहरा पडला. "काटा खराब आहे," म्हणाला. मग मी स्वतःहून त्याच काट्यावर पाच किलोचं माप लावून दाखवलं. काटा बरोबर होता.

"मग खायला कमी पडलं असेल." तेही नव्हतं. मका, बाजरी, घास, मळ्यातले किडे, सगळं मिळत होतं.

जेवण झाल्यावर बाजेवर बसून मी त्याला जे सांगितलं ते इथे थोडं नीट लिहितो, कारण बोलताना मी सारखा अडखळत होतो. अमेरिकेच्या जंगलात जो रानटी टर्की आहे, त्याचा पूर्ण वाढलेला नर साधारण ७ ते ११ किलो भरतो, मादी ४-५ किलो. म्हणजे आपला नर अगदी जातिवंत आहे. टर्की असतो तेवढाच आहे. व्हिडिओतला पक्षी वेगळाच. तो 'रुंद छातीचा पांढरा' या जातीचा, गेल्या शंभर वर्षांत माणसाने निवड करकरून बनवलेला. १९२९ साली अमेरिकेतल्या पाळीव टर्कीचं सरासरी वजन सुमारे ६ किलो होतं. आज ते १४ किलोच्या आसपास आहे, आणि या जातीचे नर पाच महिन्यांत २० किलोपर्यंत जातात. १९८९ साली लंडनमध्ये एक टर्की स्पर्धेत जिंकला, त्याचं पिसं वगैरे काढल्यावरचं वजन ३९ किलो होतं. आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला माझा एक रूममेट एवढाच भरत असेल.

कोंबडीचंही हेच झालंय. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने जुन्या काळच्या जाती जपून ठेवल्या आहेत. त्यांनी १९५७ ची, १९७८ ची आणि २००५ ची कोंबडी एकाच खाद्यावर एकत्र वाढवली. ५६ दिवसांनंतरची वजनं: ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम, ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेच. फरक फक्त जातीचा. सातपुड्यात अजून दिसणारा रानकोंबडा मोठा झाला तरी किलोभराचाच.

आणि त्या २० किलोची किंमतही आहे. रानटी टर्की रात्री झाडावर झोपतो, वेळ आली तर तासाला ८० किलोमीटरच्या पुढे उडतो. रुंद छातीवाल्याला उडता येत नाही. नर इतका जड की त्याला मादीशी नैसर्गिक जोडाही लावता येत नाही. सगळी पैदास कृत्रिम रेतनाने होते. पिल्लांना सुरुवातीला २८ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. म्हणजे शेड, खाद्य, डॉक्टर, पिल्लं, सगळं कायम विकत. आपल्या अंगणातल्या माद्या मात्र २८ दिवस अंड्यांवर बसून स्वतः पिल्लं काढतात.

छोटू म्हणाला, "मग तीच पांढरी जात आणू ना."

प्रश्न बरोबर होता. मी उलटा प्रश्न विचारला, "२० किलोचा पक्षी धुळ्यात घेणार कोण?" आपल्याकडे रविवारी माणूस अर्धा किलो मटण घेतो, पाहुणे आले तर एक किलो. ही अडचण अमेरिकेलाही आली होती बरं का. १९३० च्या दशकात तिथे घरं लहान, ओव्हन लहान, आणि टर्की मात्र मोठा. तेव्हा सरकारच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्राने मुद्दाम लहान टर्की तयार केला, 'बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट'. त्याचं रक्त भारतातही आलं. तमिळनाडूत देशी काळ्या टर्कीशी त्याचा संकर करून 'नंदनम' ही जात काढली. म्हणजे माणसाने टर्की मोठाही केला आणि ओव्हनमध्ये बसेना म्हणून लहानही केला. आधी गिऱ्हाईकाचं भांडं बघायचं, मग पक्षी.

मग लॅपटॉप उघडला. (हो, मळ्यात. कडुनिंबाखाली. हॉटस्पॉटवर.) ५०० पक्षी, निम्मे नर, निम्म्या माद्या. २५० गुणिले ९ आणि २५० गुणिले ५. साडेतीन हजार किलो. दहा हजारांचे साडेतीन हजार. त्यातून मर वजा करायची होती, सहातली तीन पिल्लं आमचीच मेली होती. छोटू स्क्रीनकडे बघत राहिला. मला एखाद्याचं अप्रेझल खराब केल्यासारखं वाटलं.

इतका वेळ मामा शेंगा फोडत गप्प बसला होता.

मामाबद्दल सांगायला हवं. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, एच५एन१. नवापूर म्हणजे १९९८ पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यातलं, आता नंदुरबारमधलं. तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी मारायचा असा हुकूम निघाला. लाखो कोंबड्या गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही लागण निघाली. मी तेव्हा शाळेत होतो, तिसरीत. मामाच्या चार हजार अंड्यांच्या कोंबड्या होत्या. एकही आजारी नव्हती. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, खड्डे खणले, चुना टाकला. त्या रात्री मामा आमच्याकडे धुळ्याला आला. आईने जेवायला वाढलं तर ताटावर हात धुऊन उठला आणि पहाटेपर्यंत गच्चीवर फिरत होता. भरपाई आली, कर्ज फिटलं. शेड मात्र तेव्हापासून रिकामी आहे. तिच्यात कापूस ठेवतात, मोडका नांगर ठेवतात. २०२१ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू पुन्हा आला. त्या वेळी मामाने पेपर घडी करून बाजूला ठेवला, बस.

तर हा मामा म्हणाला, "वजन नको सांगू माले. मरी ग्यात ते कितला उचलना पडतीन, ते सांग."

कोणी काही बोललं नाही. माझ्या शीटमध्ये हा कॉलम नव्हता. मरतुक दहा टक्के, असा एक आकडा होता, पण तो टक्का होता. मामा विचारत होता हातांबद्दल. टर्कीला बर्ड फ्लू कोंबडीइतकाच वाईट लागतो. २०२२ पासून अमेरिकेत त्यामुळे टर्कींचे कळपच्या कळप मारावे लागले. आणि मामाच्या अंगणातल्या गावरान कोंबड्यांपासून टर्कीला एक वेगळा रोग होतो, काळ्या डोक्याचा. कोंबडीला फारसं काही होत नाही, टर्की मरतो. दोन्ही एकत्र पाळू नयेत हे आम्हा दोघांनाही त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

छोटू उठून मोटर बंद करायला गेला. मोटर चालू नव्हती, वीजच नव्हती.

मला वाईट वाटलं. शहरातून यायचं, आकडे फेकायचे आणि निघून जायचं, हे सोपं असतं. माझा पगार एक तारखेला येतो. त्याच्या कापसाचा भाव कोणालाच माहीत नसतो. त्याला काहीतरी मोठं करायचं होतं, आणि मी त्याला सांगत होतो की तुझा पक्षी ९ किलोचा आहे.

संध्याकाळी तो स्वतःच आला. मामीने वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी केली होती. जेवताना ठरलं ते असं: कर्ज नाही, जामीन नाही. ४० पक्षी, याच देशी जातीचे, मोकळे फिरणारे. कोंबड्या मामाच्या काकूंकडे हलवायच्या. माझे ५० हजार, परत मागणार नाही, पण वजनं दर महिन्याला लिहून ठेवायची. पक्षी हॉटेलांना विकायचा नाही, पिल्लं आणि अंडी विकायची, कारण आसपासच्या गावांत लोकांना हौसेला एक जोडी हवीच असते. पिल्लं विकताना खरं वजन सांगायचं. ही शेवटची अट छोटूची.

"चाळीस चालतीन," मामा म्हणाला. "चाळीस मी एकला उचली लिसू."

अंधार पडायला लागला तशा दोन्ही माद्या शेडच्या पत्र्यावर चढल्या आणि तिथून पंख फडफडवत कडुनिंबावर गेल्या. नर खालूनच दोनदा धावला, तिसऱ्यांदा पत्र्यावर पोचला. गुड्गुड्गुड् करत बसला. पलीकडच्या बांधावरून एक मोर ओरडला. मी मोबाइलच्या उजेडात दोघांना एका नजरेत मापायचा प्रयत्न केला, जमलं नाही. जहांगीरला कसं जमलं कोणास ठाऊक.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत छोटूचा मेसेज आला: "दादा, ती शीट पाठव. एक कॉलम वाढवायचाय." पाठवली. उद्या सोमवार, नऊला स्टँडअप मीटिंग. शर्टाचं बटण अजून लावायचं राहिलंय.