वर्ध्याच्या हवेत चॉकलेट ट्रफल

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. एप्रिल-मे महिन्यांत ट्रफलच्या वाटेला जाऊ नका. आपल्या वर्ध्याचा पारा तेव्हा ४५च्या आसपास असतो आणि चॉकलेटमधलं कोको बटर वितळतं साधारण ३४ अंशांना. माणसाच्या अंगाची उष्णता ३७. म्हणून तर चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवलं की आपोआप विरघळतं. पण स्वयंपाकघरच जिभेपेक्षा तापलेलं असेल, तर त्यानं ताटलीत नीट बसून राहावं ही अपेक्षा करणं बरोबर नाही. पावसाळाही उपयोगाचा नाही. हवेतल्या ओलाव्यानं वरची कोको पावडर भिजते आणि गोळ्यांवर डाग पडल्यासारखे दिसतात. आपला हंगाम दिवाळी ते संक्रांत, फार तर महाशिवरात्र.

ट्रफल हा मूळचा फ्रेंच पदार्थ. तिकडे जमिनीखाली उगवणारी एक महागडी बुरशी असते, मातीनं माखलेली, ओबडधोबड. तिच्यासारखा दिसतो म्हणून या गोळ्याला तिचं नाव मिळालं. म्हणजे गोळा वाकडातिकडा झाला तरी कुणी नाव ठेवायचं कारण नाही. पेढ्यासारखा गुळगुळीत गोल करण्यात वेळ घालवू नका. तुम्ही म्हणाल, चॉकलेट तर आम्ही आधीपासूनच करतो. खरं आहे. एकतारी पाकात दुधाची पावडर, कोको आणि लोणी घालून थापलेली चॉकलेट वडी कितीतरी घरांत झालेली आहे. मारी बिस्किटांचा चुरा आणि डब्यातलं आटवलेलं दूध घालून केलेले लाडूही मुलांनी आवडीनं खाल्ले आहेत. पण त्यात चॉकलेट असं नसतंच, कोकोच्या चवीची साखर असते. ट्रफलमध्ये मात्र चॉकलेट आणि साय, एवढ्या दोनच गोष्टींचा कारभार. म्हणून दोन्ही चांगल्या हव्यात.

चारशे ग्रॅम गडद चॉकलेट घ्या आणि सुरीनं अगदी बारीक चिरा. क्रीमचं २०० मिलिलिटरचं पाकीट मिळतं, ते एक. थंड हवेच्या गावी दोन्ही समसमान घेतलं तरी चालतं, आपल्याकडे चॉकलेट दुप्पटच हवं, नाहीतर गोळा धरत नाही. घरच्या दुधाची साय वापरायचा मोह होतो, मलाही होतो. पण सायीचे पापुद्रे चॉकलेटमध्ये दाणेदार लागतात. वापरायचीच असेल तर मिक्सरमधून क्षणभरच फिरवा (जास्त फिरवलीत तर लोणी निघेल) आणि गाळून घ्या.

आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. आर्वी, आष्टी, कारंजाकडची आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे बाजारात यायला लागतात, नेमकी ट्रफलच्या हंगामात. एक संत्रं गरम पाण्यात चोळून धुवा, कोरडं करा आणि सोलायच्या आधीच किसणीवर हलक्या हातानं फिरवा. फक्त वरचा केशरी भाग यायला हवा, आतला पांढरा कडू असतो. हा कीस क्रीममध्ये घालून मंद आचेवर ठेवा. सालीतलं सुवासिक तेल स्निग्ध पदार्थात छान उतरतं. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. खळखळून उकळू देऊ नका, पाकिटातलं क्रीम फाटतं. पाच मिनिटांनी गाळून, पुन्हा जरा गरम करून चिरलेल्या चॉकलेटवर ओता. दोन-तीन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध चमचा ठेवून छोट्या वर्तुळात ढवळायला लागा आणि हळूहळू कडेला या. मिश्रण आरशासारखं चमकलं की एक मोठा चमचा लोणी आणि चिमूटभर मीठ घाला. तेल सुटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, चमचाभर कोमट दूध घालून ढवळलं की परत मिळून येतं.

पाण्याचं मात्र सांभाळा. चॉकलेट नुसतं वितळवायचं असेल तेव्हा गंजात पाणी तापवून त्यावर भांडं ठेवतो ना, तेव्हा वाफेचा एक थेंब जरी आत पडला तरी सगळं रवाळ घट्ट होऊन बसतं. त्या थेंबानं साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात. गंमत अशी की भरपूर क्रीम घातलं तर काही होत नाही, थेंबभर पाण्यानंच घोटाळा होतो. चमचा, भांडं, हात, सगळं कोरडं ठणठणीत हवं.

मिश्रण फ्रिजमध्ये दोन तास ठेवा. मग चमच्यानं काढून गोळे वळा. तळहात गार पाण्यात बुडवून, पुसून, भराभर वळायचं. ज्यांचे हात मुळात थंड असतात त्यांनी हे काम घ्यावं, बाकीच्यांनी कोकोत घोळवावं. १२ ग्रॅमचा एक धरला तर ५० होतात. त्याच दिवशी खायचे असतील तर कोकोऐवजी गोरसपाकाच्या चुऱ्यात घोळवून पाहा. गाईच्या तुपातला तो खुसखुशीत चुरा आणि आत कडवट चॉकलेट, फारच छान लागतं. दुसऱ्या दिवशी मात्र चुरा मऊ पडतो.

गोरसपाकाचं नाव घेतलं ते उगीच नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी दिवाळीत ट्रफलचे डबे विकायला घेतले, तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हे काय करून राहिली व तू? आपलं सेवाग्राम चार पावलांवर, अन् हे जिभेचे चोचले?" त्यांचं लहानपण आश्रमाच्या वळणात गेलेलं. १९३६ साली बापू तिथं राहायला आले ते एकादश व्रतं घेऊन, आणि त्यात अस्वाद हे एक व्रत आहेच. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आई, गोरसपाक तर वर्ध्याचाच ना? तोही काही कडुनिंबाचा नाही." सासूबाई हसल्या, पण पुढचं त्यांचं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. १९४१ साली जमनालालजींनी गोसेवा संघ काढला तो गोपालकाच्या दुधाला दाम मिळावा म्हणून, असं सांगून त्यांनी विचारलं, "मग तुह्या मेहनतीले किती दाम लावला?"

जाऊबाईंची वही मी पाहिली. चॉकलेट, क्रीम, लोणी, डबे, चांदीचा कागद, सगळं लिहिलेलं. स्वतःचे तास कुठेच नव्हते. ५० गोळ्यांना चिरणं, वळणं, घोळवणं, डब्यात भरणं धरून तीन तास सहज जातात, फ्रिजमधला वेळ वेगळा. हे तास सोडले की फायदा दिसतो, धरले की निम्म्याहून जास्त नाहीसा होतो. त्यात नातेवाईक "घरचंच तर आहे" म्हणत डबा उचलून नेणार. २०२४ साली घाना आणि आयव्हरी कोस्टकडचं पीक बुडालं, जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्या दिवाळीला आमच्या इथेही चॉकलेटच्या लाद्या महागल्या. आफ्रिकेतला पाऊस आमच्या जाऊबाईंच्या वहीत आला म्हणायचा! तरी त्या भाव वाढवायला लाजत होत्या.

त्याआधी गावातल्या एका दुकानदारानं वीस डबे ठेवून घेतले होते. पैसे विकल्यावर. रात्री दुकान बंद करताना तो फ्रिजही बंद करायचा. चार दिवसांनी डबे परत आले, आत नुसता गोळा, आणि वर हे ऐकावं लागलं की "वहिनी, तुमचा माल टिकत नाही." त्यानंच सल्लाही दिला, कंपाउंड वापरा. कंपाउंड म्हणजे कोको बटर काढून त्या जागी वनस्पती चरबी घातलेलं चॉकलेट. ते स्वस्त असतं आणि साच्यात ओतलं की सहज घट्ट बसतं. मी त्याला विष म्हणणार नाही. आपल्याकडे २०२२पासून अशा तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. मुलांच्या वाढदिवसाला साच्यातली चॉकलेटं करायला ते ठीक. पण ते टाळूला मेणासारखं चिकटतं, आणि ट्रफल म्हणून ते विकणं मला पटत नाही. आणताना पाकिटामागची घटकांची यादी वाचा, कोको बटर लिहिलंय की व्हेजिटेबल फॅट, तेवढं पाहिलं तरी पुरे.

जाऊबाई दोन रात्री विचार करत होत्या. कंपाउंड घेतलं तर दुकान मिळत होतं, नाही घेतलं तर गिऱ्हाईक स्वतः शोधायचं. शेवटी त्यांनी दुकान सोडलं. आता डबे फक्त घरून, आधी सांगून, निम्मे पैसे आधी. ज्या दिवशी केले त्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायचे. झाकणावर केल्याची तारीख आणि "फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा" अशी चिठ्ठी. क्रीममध्ये पाण्याचा अंश असतो, त्यामुळे ट्रफल चॉकलेटच्या वडीसारखं महिनोन् महिने राहत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरगुती विक्रीलाही नोंदणी लागते, ती त्यांनी करून घेतली. तुम्हीही विकणार असाल तर आधी ते काम उरका. वहीत आता मजुरीचा रकाना आहे, तो सासूबाईंनी स्वतः आखून दिला. डबे पहिल्यापेक्षा कमी जातात, पण उधारी नाही.

खायच्या दहा मिनिटं आधी डबा फ्रिजबाहेर काढा, पण झाकण लगेच उघडू नका. बाहेरच्या हवेतलं पाणी थंड गोळ्यांवर जमतं. डबा बाहेरून कोरडा झाला की मग उघडा.